बाबांनी पास केलेली लिफ्ट

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दहाला सहलीच्या ऑफिसात गेलो. किनाऱ्याची पाच दिवसांची बस-सहल, मंगळवारी सुटणारी, एक जागा. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सोबत कोण?" कोणी नाही म्हणालो. तिने आडनाव लिहून घेतलं, वर पाहिलंसुद्धा नाही. आमच्या आडनावाची माणसं पैशाला पासरी. खिडकीची जागा मागितली, मिळाली. घरी येऊन जेवलो.

संध्याकाळी हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. "मी येणार नाही," म्हणाली. मी विचारलं नव्हतं. ते पाच दिवस ही बहिणीकडे राहणार आहे.

मुलीला जाऊन आठ महिने झाले. चार दिवसांचा ताप. सहा वर्षं ती हीच सहल घेऊन जायची, महिन्यातून तीनदा. दर वर्षी म्हणायची, "बाबा, एकदा चला, खिडकी देते." मी म्हणायचो, बघू. ड्रॉइंग ऑफिसातली कायमची नोकरी सोडून तिने हे काम धरलं, तेव्हा मी म्हणालो होतो, "लोकांच्या बॅगा मोजायला शिकलीस का एवढी?"  पुढेही आम्ही बोलायचो, पण कामापुरतं. ती माझ्यावर रागावलेली होती का, ते मला माहीत नाही. विचारायचं राहिलं. बसमध्ये बसून ते कसं कळणार, असं हिने विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. हिने विचारलं नाही.

४ मार्च, मंगळवार. पहिला मुक्काम, संध्याकाळी

बस सकाळी साडेसहाला सुटली. चौतीस प्रवासी. माझी जागा अकरा नंबरची. शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. बस सुटायच्या आत त्यांनी दोघांना शिस्त लावली, त्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणतात. ड्रायव्हर पन्नाशी ओलांडलेला, त्याला सगळे मामा म्हणतात. त्याने माझी बॅग स्वतः घेतली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी आत जाऊन बसलो.

गाईड चोवीस-पंचवीसची मुलगी आहे. आवाज चांगला, माईक तोंडाला फार जवळ धरते. पहिला तासभर खाडी, पूल, मिठाचे आगर असं सगळं सांगून झालं. नंतर म्हणाली:

"मंडळी, आज मुक्कामाच्या हॉटेलात लिफ्ट आहे. पण माझे बाबा लिफ्ट इन्स्पेक्टर! जन्मभर लोकांना लिफ्टमध्ये बसवलं आणि स्वतः जिन्यानं गेले. आई म्हणायची, अहो, तुम्हीच पास केलीत ना ही? तर म्हणायचे, म्हणूनच!"

बस हसली. बाई तर खोकेपर्यंत हसल्या.

लिफ्ट इन्स्पेक्टर मी होतो. तेहतीस वर्षं. 'म्हणूनच' हे माझं उत्तर आहे. प्रश्न हिचा होता. तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो.

आधी वाटलं, दोन इन्स्पेक्टरांना एकच विनोद सुचू शकतो. मग तिने आत्याच्या लग्नाची गोष्ट काढली. हॉलच्या लिफ्टमध्ये नऊजण शिरले, बाबांनी मोजले, म्हणाले, "आठांचीच आहे, एकानं उतरा." कोणी उतरेना, तेव्हा दाराशी उभ्या नवऱ्या मुलालाच हाताला धरून बाहेर काढलं. नवरा घामाघूम होऊन जिन्यानं वर आला. आत्या अजून बाबांशी सरळ बोलत नाही.

माझी बहीण अजून माझ्याशी सरळ बोलत नाही.

म्हणजे आमच्या मुलीचं भाषण या मुलीने जसंच्या तसं उचललं आहे, 'माझे बाबा' सकट. बाई म्हणाल्या, "असा बाप घरात असला म्हणजे झालं कल्याण!" मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.  पुढच्या थांब्यावर सर्वांत आधी उतरलो आणि बसभोवती तीन फेऱ्या मारल्या.

फोन केला. हिने विचारलं, "जेवलात का?" हो म्हणालो. फोन ठेवला.

५ मार्च, बुधवार. सकाळी

झोप नीट लागली नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट बघितली, दाराची कडी सैल आहे. जिन्याने आलो.

संध्याकाळी

दिवसभर समुद्र उजव्या हाताला. दोन देवमाशाएवढे खडक, एक दीपगृह, एक लाकडी धक्का. लोक फोटो काढत होते. मला एका जागी उभं राहवत नव्हतं. दीपगृहाजवळ अर्धा तास दिला होता, मी दहा मिनिटांत बसपाशी परत.

मामा टायरपाशी बसले होते. म्हणाले, "समुद्र आवडला नाही वाटतं."

म्हणालो, "आवडला."

"तुमची चाल लांबूनही ओळखू येते," म्हणाले, आणि टायरकडे वळले. काय म्हणायचं होतं कोण जाणे.

आज गाईडने बाबांच्या चार गोष्टी सांगितल्या. मी वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले आहेत, खऱ्या आणि खोट्या. तपासणीची सवय, दुसरं काय. जेवताना कानावर पेन्सिल विसरणे: खरी. पाहुण्यांकडे गेल्यावर चहाच्या आधी इमारतीची लिफ्ट बघणे: खरी, पण एकदाच. शाळेच्या पालकसभेत वर्गशिक्षिकेला विचारणे की मुलीचं सगळं चांगलं म्हणता, पण तपासलं कशावरून: खरी असावी. चौथी अशी:

"बाबांना पहिल्यांदा समुद्र दाखवला. मला वाटलं, आता काहीतरी छान बोलतील. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, याची देखभाल कोण करतं?"

ही साफ खोटी. मी मुलीबरोबर समुद्रावर कधी गेलोच नाही. ती बोलवायची आणि मी बघू म्हणायचो, एवढंच झालं. म्हणजे जे घडलं नाही तेही तिने रचून सांगितलं. महिन्यातून तीनदा, सहा वर्षं, दर वेळी तीस-चाळीस माणसांसमोर माझं हसं करत होती. हिशोब करू नये, पण डोक्यात झाला. हजारो माणसं मला हसली आहेत आणि मला पत्ता नाही.

बाईंनी मध्येच गाईडला विचारलं, "काय गं पोरी, तुझे बाबा आहेत का अजून नोकरीत?"

ती गोंधळली. "नाही... म्हणजे निवृत्त झाले."

"तुझा फार जीव दिसतो बापावर," बाई म्हणाल्या.

यात जीव कुठे दिसला बाईंना ते मला कळलं नाही. मुख्याध्यापिका होत्या, मुलांच्या उत्तरपत्रिकाही अशाच तपासल्या असतील.

उद्या कड्यावरची लिफ्ट आहे. कड्याच्या टोकावरून खाली वाळूपर्यंत बाहेरच्या बाजूने जाते, सहलीतलं मुख्य आकर्षण. गाईड म्हणाली, "बाबांची खरी गोष्ट उद्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फोन. "जेवलात का?" हो.

६ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

साडेदहाला कड्यावर पोचलो. वारा भरपूर. लोखंडी सांगाडा, त्यातून जाणारी काचेची केबिन, वर आणि खाली जाळीचं सरकतं दार. साधारण चाळीस मीटर उतार. शेजारून दगडी पायऱ्याही आहेत, दोनशे ऐंशी, असं पाटीवर लिहिलं आहे. काही बायकांनी खाली वाकून बघितलं आणि मागे सरकल्या. एक गृहस्थ म्हणाले, "मी आपला वरूनच समुद्र बघतो." तेव्हा गाईड लिफ्टच्या दाराशी उभी राहिली आणि तिने गोष्ट सांगितली.

"घाबरू नका. माझे बाबा इथे आले होते. मी म्हटलं, बाबा, बसा. तर म्हणाले, आधी मशीनची खोली दाखवा. लिफ्टवाले काका म्हणाले, साहेब, रजेवर आलात ना? बाबा म्हणाले, मी रजेवर आहे, दोर रजेवर नाही. पाऊण तास सगळे उन्हात उभे! मग बाबा बाहेर आले, हात पुसले, आणि एकच शब्द म्हणाले. बसा! तेव्हापासून मंडळी, ही लिफ्ट बाबांनी पास केलेली आहे. चला, आठ-आठ जण."

लोक हसले आणि ओळ धरली. तो वरूनच समुद्र बघणारा गृहस्थही ओळीत उभा राहिला.

तेहतीस वर्षांत मी न बघता एका कागदावर सही केलेली नाही. एकदा वरिष्ठांनी सांगूनही केली नाही आणि दोन वर्षं बढती अडली. आणि इथे माझ्या नावाने तोंडी प्रमाणपत्र वाटलं जात होतं. मी ही लिफ्ट आयुष्यात आज पहिल्यांदा बघत होतो.

ओळ सोडून पुढे गेलो. गाईड म्हणाली, "काका, नंबरानं." मी आत शिरलो. आत फक्त लिफ्टवाला होता. दार उघडंच धरून ठेवलं आणि त्याला म्हणालो, "बटण दाबा."

"दार लावल्याशिवाय चालत नाही साहेब."

"चालत नसेल तर दाबायला काय हरकत?"

तो दाबेना. मी हात लांबवून दाबलं. लिफ्ट हलली. दार सताड उघडं आणि केबिन वीतभर खाली गेली. मी लगेच थांबवली. बाहेर कोणीतरी किंचाळलं. केबिनची फरशी आणि कड्याची फरशी यांच्यामध्ये जी फट पडली ती सगळ्यांनी पाहिली. तिच्यातून खालची वाळू दिसत होती.

दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट जागची हलू नये, यासाठी दाराला स्विच असतो. तो तारेने शॉर्ट करून ठेवला होता, म्हणजे दार उघडं असलं तरी लिफ्टला ते लागलेलंच वाटत होतं. लोक दोराला घाबरतात. दोर क्वचित तुटतो. माणसं मरतात ती दारात. मुलगी आठ-नऊ वर्षांची होती तेव्हा रविवारी तपासणीला सोबत यायची, टॉर्च धरायची. तिला मी हेच शिकवलं होतं, आधी दार, मग दोर. दार उघडं धरून बटण दाबायचं. हलली तर उतरायचं. तिला ते गाण्यासारखं पाठ होतं.

मी दारातच उभा राहिलो. म्हणालो, "ही बंद करा."

लिफ्टवाला चिडला. "तुम्ही कोण सांगणारे?"

"कोणी नाही. निवृत्त आहे. मला अधिकार नाही. पण मी इथून हलत नाही."

मग बराच तमाशा झाला. तो गृहस्थ म्हणाला, "अहो, आम्ही काय जन्मभर इथे उभे राहायचं?" कोणी म्हणालं, वर्षानुवर्षं चालतेय, आजच बरी बिघडली. बाई म्हणाल्या, "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. माझ्या शाळेत असाच एक होता, दर सहलीचा विचका करायचा."  गाईडच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती सारखी म्हणत होती, "काका, प्लीज, माझी तक्रार जाईल." तिची तक्रार जाईल हे खरं होतं. तरी मी हललो नाही. धडधाकट लोक पायऱ्या उतरून खाली गेले, बाकीचे बसमध्ये जाऊन बसले.

लिफ्टवाल्याने शेवटी आपल्या साहेबांना फोन लावला, आणि मला मशीनची खोली दाखवली. ब्रेक ठीक. दोर ठीक, तेल कमी. त्याचा राग तोवर उतरला होता. म्हणाला, "खारी हवा खाते हो स्विचला. दर चार फेऱ्यांनी लिफ्ट अडकायची, लोक मलाच शिव्या द्यायचे. म्हणून तार टाकली."

"कधी?"

"पाच-सहा महिने झाले असतील. आधी नव्हती टाकता येत. आधीच्या गाईडताई होत्या ना, त्यांनी डोकं खाल्लं होतं माझं. दर वेळी माणसं चढवायच्या आधी दार उघडं धरायच्या आणि मला बटण दाबायला लावायच्या. मग रिकाम्या तीन फेऱ्या. त्यांची सहल असली की आदल्या दिवशीच मी स्विच घासून चकचकीत करून ठेवायचो. त्या यायच्या बंद झाल्या. नवीन पोरगी काही बघत नाही, नुसती गोष्ट सांगते."

मी मशीनच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलो. त्याने पाणी आणून दिलं. विचारलं, "चक्कर आली का?" हो म्हणालो.

एकूण पावणेदोन तास गेले. बसमध्ये चढलो. बाईंनी पिशवी माझ्या बाजूला सरकवून ठेवली.

लिहून वाचलं. मी ते लोकांच्या जिवासाठी केलं की त्या गोष्टीचा राग आला म्हणून, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही असेल. तार होती हे मात्र खरं.

आज फोन करायचा राहिला.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी नाश्त्याला माझ्या टेबलावर कोणी आलं नाही. उकडलेली अंडी आणि चहा घेतला. मग मामा आपला कप घेऊन समोर येऊन बसले.

"मी पहिल्याच दिवशी ओळखलं," म्हणाले. "ताईंची बॅग पोचवायला घरी आलो होतो, आठवतं? तुम्ही तेव्हा जिना चढत होतात. लिफ्ट चालू असताना."

मला तो दिवस नीट आठवत नाही. बॅग आठवते.

"बोललो नाही, कारण तुम्ही बोलत नव्हतात," म्हणाले. मग जरा हसले. "मी ताईंना एकदा विचारलं होतं, बाबा खरंच आले होते का हो इथे? तर म्हणाल्या, छे हो मामा, ते कुठले येतात! आणि आले तर अर्धा दिवस मशीनच्या खोलीत जाईल आणि तुमच्या वेळापत्रकाचा बोऱ्या वाजेल."

"अर्धा दिवस नाही," मी म्हणालो. "पावणेदोन तास."

मामा इतके हसले की दोन टेबलांवरच्या लोकांनी वळून पाहिलं. कालच्या माणसापाशी बसून हसतात कशाला, असं त्यांना वाटलं असणार. मला हसू आलं नाही. ती हे म्हणाली तेव्हा रागात होती की कशी होती, हे मामांना विचारायला हवं होतं. तोवर ते बस पुसायला गेले.

दुपारी जेवणाच्या थांब्यावर गाईड आली. मी कोण ते मामांनी तिला सांगितलेलं दिसलं. माझ्यापुढे उभी राहिली, बसेना.

"काका, मला खरंच माहीत नव्हतं. मी महिनाभर ताईंच्या हाताखाली शिकले. मग त्या... मग ऑफिसनं त्यांची वही मला दिली. म्हणाले, लोकांना हे भाषण आवडतं, यातलं काही बदलू नकोस. मला वाटलं, बाबा म्हणजे नुसती गंमत आहे. भाषणातले बाबा."

वही बघायला मागितली. तिने पिशवीतून काढून दिली. अक्षर मुलीचं. प्रत्येक थांब्याचं पान वेगळं, कुठे थांबायचं, कुठे हसू येतं, सगळं लिहिलेलं. लिफ्टच्या पानावर सर्वांत वर, गोष्टीच्याही आधी, दोनच शब्द होते आणि त्याखाली रेघ. 'आधी दार'.

"याचा अर्थ काय घेतलास?"

"मला वाटलं, आधी दाराशी जाऊन उभं राहायचं, मग गोष्ट सुरू करायची. मी तसंच करते."

तिची चूक म्हणता येत नाही. शिकत होती त्या महिन्यात ती माणसांना ओळीत उभं करायला मागे थांबायची, पुढे दाराशी मुलगी काय करायची ते तिने पाहिलंच नव्हतं. जे बोलायचं ते वहीत सविस्तर होतं. जे करायचं ते हातात होतं, म्हणून दोन शब्दांत उरकलं होतं.

"मी बाबांच्या गोष्टी बंद करते," ती म्हणाली.

मी म्हणालो, मला विचार करू दे. ती गेल्यावर जेवण टाकून धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. परत गेलो. पाण्याकडे पाहिलं नाही म्हटलं तरी चालेल.

संध्याकाळी फोन केला. जेवलो, असं हिने विचारायच्या आतच सांगितलं. मग सगळं सांगितलं, लिफ्ट, तार, वही. ही ऐकत होती. शेवटी मी म्हणालो, काही गोष्टी तिने मनाच्याही घातल्या आहेत, आणि समुद्राची गोष्ट सांगितली. याची देखभाल कोण करतं.

 ही म्हणाली, "अहो, तुम्ही म्हणाला होतात ते."

"मी कधी गेलो समुद्रावर?"

"समुद्रावर नाही. टीव्हीवर दाखवत होते. तुम्ही कागद तपासत बसला होतात. ती तेव्हा बारकी होती, पायाशी बसली होती. तिनं हाक मारून दाखवला, बाबा, समुद्र बघा. तुम्ही चष्मा वर केलात, पाहिलंत, आणि हे म्हणालात. ती त्या दिवशी जेवताना सारखी हसत होती. ठसका लागला होता तिला."

मला यातलं काहीच आठवत नाही. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर ती गोष्ट खोडून दुसऱ्या रकान्यात लिहिली. साक्षीदार आहे म्हटल्यावर लिहावीच लागते.

लिफ्टची गोष्ट तेवढी उरली, खोट्यांमध्ये एकटीच.

८ मार्च, शनिवार. परतीचा प्रवास

परतीचा रस्ता तोच आहे. गुरुवारी लिफ्ट हुकली म्हणून लोकांनी कुरकुर केली होती, तेव्हा गाईडने ऑफिसला विचारून आज तिथे अर्धा तास ठेवला. ऑफिसने तिला फोनवर बरंच सुनावलं, मामा म्हणाले. तिने माझ्याबद्दल त्यांना काही सांगितलं नाही, हेही मामाच म्हणाले.

पोचलो तर लिफ्टवाला दाराशी उभा. नवा स्विच बसवला होता. मला म्हणाला, "या साहेब, तपासा."

सगळे माझ्याकडे बघत होते. बाईसुद्धा. मला पुढे व्हायचं होतं. हात अक्षरशः उचलला गेला होता. पण गाईडला म्हणालो, "तू कर."

"मला येत नाही काका."

"आठ वर्षांच्या मुलीला येतं. आत जा. दार उघडं धर. पूर्ण उघडं. आता त्यांना बटण दाबायला सांग."

लिफ्टवाल्याने दाबलं. काही झालं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

"आणखी दोनदा."

आणखी दोनदा दाबलं. लिफ्ट जागची हलली नाही. मग ती बाहेर आली, दार लावलं, रिकामी केबिन खाली गेली, वर आली, तीन वेळा. फरशीला फरशी बरोबर लागत होती. खालच्या दाराचं तेच करायला मामा पायऱ्या उतरून गेले आणि खालून हात हलवला. एवढ्यात वीस मिनिटं गेली. कोणी कुरकुरलं नाही. बाई त्या गृहस्थाला म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात गृहपाठ."

मग मी गाईडला बाजूला घेऊन सांगितलं. गोष्ट सांगायला माझी हरकत नाही. पण दोन अटी. पाऊण तास म्हणायचं नाही, पावणेदोन तास म्हणायचं. आणि ज्या दिवशी दार तपासलं नसेल त्या दिवशी गोष्ट सांगायची नाही. एकही दिवस नाही.

तिने मान डोलावली. मग हळूच विचारलं, "माझे बाबा म्हणू, का ताईंचे बाबा?"

"तुझे वडील काय करतात?"

"माहीत नाही. मी चार वर्षांची होते तेव्हा घर सोडून गेले."

"मग आहे ते राहू दे," मी म्हणालो.

तिने माईकशिवायच गोष्ट सांगितली. 'पावणेदोन तास'ला लोक पहिल्यापेक्षा जास्त हसले, कारण आता ते स्वतः त्यात होते. तिने शेवटचा शब्द म्हणायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. बघण्यासारखं मी सगळं बघितलं होतं, आज आणि परवा. मी म्हणालो, "बसा."

आवाज फार मोठा निघाला. पहिले आठजण बसले. त्यात बाई होत्या.

मी बसलो की पायऱ्यांनी गेलो, असं ही विचारेल. बसलो. दारापाशी उभा होतो. खाली जायला पन्नास सेकंद लागतात. डाव्या हाताच्या काचेतून पाणी दिसत होतं, बरंच लांबपर्यंत. मी काही म्हणालो नाही.

शेवटचं पान फाडलं नाही. लिफ्टच्या गोष्टीपुढे आजची तारीख टाकून ठेवली आहे.

९ मार्च, रविवार

काल उशिरा पोचलो, लगेच झोपलो. सकाळी उशिरा जाग आली, असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. ही उद्या येणार. कपडे भिजवले. मामांचा फोन आला होता, बस धुवायला दिली म्हणाले, बाकी काही नाही. पुढची सहल चौदा तारखेला सुटते.

ती माझ्यावर रागावली होती का, हे अजूनही माहीत नाही. कदाचित थोडी असेल. रागावलेलं माणूस महिन्यातून तीनदा असं दार धरून उभं राहील का, तेही माहीत नाही. ही आल्यावर विचारीन.

घरात दूध नव्हतं. खाली जाऊन घेऊन आलो. गॅसवर ठेवलं, आच मंद केली, आणि उतू जाऊ नये म्हणून वर येईपर्यंत शेजारीच उभा राहिलो.